सासूबाई पाच वाजेपर्यंत बेशुद्ध

टिंग.

चमचा काचेच्या पेल्यावर एकदाच वाजला आणि घरातल्या शांततेचा निकाल लागला.

ती शांतता सुनेने मोठ्या मिनतवारीने जमवून आणलेली होती. रविवारची सकाळ. नवरा कुठल्याशा इमारतीत अडकलेली लिफ्ट सोडवायला गेला होता. पाच वर्षांची भिंगरी खिडकीशी बसून निळा घोडा रंगवण्यात इतकी बुडाली होती की तिची जीभसुद्धा ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येऊन मदत करत होती. आणि सुनेच्या हातात चहा होता. गरम चहा. मूल झाल्यापासून गरम चहा ही तिच्या आयुष्यात पाहुण्यासारखी येणारी गोष्ट झाली होती. आली की प्यायच्या आधी जरा बघत बसावंसं वाटे.

"सगळ्यांनी बाहेरच्या खोलीत या," सासूबाईंचा आवाज आला. "मी बेशुद्ध पडते आहे."

सून धावली. चहा ओट्यावरच राहिला.

सासूबाई कॉटवर ताठ बसल्या होत्या. धुवट गाऊन, केस चापूनचोपून बांधलेले, उशीला कोरा अभ्रा, पायथ्याशी घडी घातलेली चादर. बेशुद्ध पडायची इतकी टापटीप तयारी सुनेने जन्मात पाहिली नव्हती.

"आई, काय होतंय तुम्हाला?"

"मला कशाला काय होतंय? पाच वाजेपर्यंत मी बेशुद्ध आहे असं समजायचं. उद्या वकीलबाईंकडे सह्या आहेत. त्याआधी एक रंगीत तालीम नको?"

यात घरच्यांना नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. सासूबाईंची सगळी नोकरी हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये मुख्य सिस्टर म्हणून झाली होती. भलेभले सर्जन त्यांच्याकडे कात्री मागताना आवाज खाली आणत. दिवे गेले तर, आग लागली तर, एकाच वेळी दोन पेशंट आले तर, अशा प्रत्येक 'तर'ची त्यांनी तालीम घेऊन ठेवलेली असे. तालमीत पेशंट व्हायचं काम त्या स्वतःकडे ठेवत, कारण गंभीर पेशंटसारखं नीट पडून राहणं दुसऱ्या कुणाला जमत नाही असं त्यांचं स्पष्ट मत होतं. अशी बाई ट्रस्ट करणार आणि तो एकदा चालवून बघणार नाही, हे शक्यच नव्हतं.

ट्रस्टचा विषय घरात आठवडाभर गाजत होता. मूळ कारण जुनं होतं. सासरे गेले तेव्हा घर त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं आणि लिहून ठेवलेलं काहीच नव्हतं. त्यांच्या कुठल्याशा चुलत भावाने हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि तीन-चार वर्षं त्या घराला मालकच नव्हता. छप्पर गळायचं, पण दुरुस्तीला हो म्हणायचा हक्क कुणाचा, हेच ठरलेलं नव्हतं. जेवायला बसताना ताटांपेक्षा पातेली जास्त मांडावी लागत, असं नवरा सांगे. शेवटी घर सासूबाईंच्या नावावर झालं. त्याच दिवशी त्यांनी मनाशी गाठ बांधली होती की आपल्या मागे मुलांवर ही वेळ येऊ द्यायची नाही.

"मग मृत्युपत्र कर की," नवरा वकीलबाईंच्या समोरच म्हणाला होता. "स्वस्तात काम होईल."

"मृत्युपत्र माणूस गेल्यावर तोंड उघडतं," वकीलबाई म्हणाल्या, "आणि तेही बऱ्याचदा कोर्टापुढे. ट्रस्ट तुम्ही असतानाच कामाला लागतो. घर, खालच्या लाँड्रीचं भाडं, बँकेतलं खातं, सगळं ट्रस्टच्या नावावर करायचं. तुम्ही आहात तोवर विश्वस्त तुम्हीच आणि त्यावर खाणाऱ्या-पिणाऱ्याही तुम्हीच. आजारी पडलात आणि डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, तर पुढचा विश्वस्त लगेच सूत्रं हातात घेतो. तारखा नाहीत, गावभर चर्चा नाही. मन फिरलं तर उद्या मोडून टाका, कुणाला विचारायला नको."

"आणि तोटे?" सासूबाईंनी विचारलं. औषधाच्या बाटलीवरचं लेबल त्या नेहमी मागच्या बाजूने वाचत.

"पहिला तोटा माझी फी," वकीलबाई मोकळेपणाने म्हणाल्या. "मृत्युपत्रापेक्षा कितीतरी जास्त. मग प्रत्येक कचेरीत जाऊन नाव बदलून घ्यायचा ताप. कर वाचेल म्हणाल तर छदामही वाचत नाही. आणि जे ट्रस्टमध्ये घालायचं विसरलात ते बाहेरच राहतं. त्याच्यासाठी पुन्हा कोर्टाची पायरी."

"म्हणजे आमच्या उलट," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही पोट शिवायच्या आधी मोजायचो, आत काही राहिलं का. इथे मोजायचं, बाहेर काही राहिलं का." आणि पर्स उघडत त्यांनी शेवटचा शब्द टाकला, "फी जास्त आहे खरी. पण तेव्हा छप्पर गळत होतं त्याचं बिल कुणी हातात दिलं नाही, म्हणून काय ते स्वस्तात पडलं?"

इथवर सगळं सुनेला पटलं होतं. मनातल्या मनात तिने सासूबाईंना टाळीसुद्धा दिली होती. घोळ पुढच्या प्रश्नाला झाला. तुमच्यानंतर विश्वस्त कोण?

"थोरला लोकांच्या लिफ्ट वर काढतो आणि स्वतःचा डबा रोज खाली विसरून येतो," सासूबाई मुलासमोरच म्हणाल्या. "धाकटा परगावी. तो चप्पल घ्यायची तरी तीन मित्रांना फोटो पाठवतो." मग त्यांचं बोट खोलीभर फिरून सुनेवर थांबलं. "ही."

तेव्हापासून सुनेला दुसरं काही सुचत नव्हतं. साबण घ्यायला गेली तरी दुकानात ताटकळणारी ती बाई. भिंगरीच्या खोकल्याला कुठलं औषध द्यायचं यावर तिचं स्वतःशीच भांडण व्हायचं. घर, भाडं, दिराचा वाटा, नणंद नव्हती एवढंच नशीब, हे सगळं आपल्या एका हो-नाहीवर? तिने नकार दिला तर वकीलबाई बँकेचं नाव घालणार होत्या. बँक वर्षाला आपली फी घेणार आणि नियमाने चालणार. नियमाने का होईना, पण बँक चुकली तर बँक चुकली असं म्हणता येतं. आपण चुकलो तर नवरा, दीर आणि पुढे भिंगरीसुद्धा आपलंच नाव घेणार. तेव्हा सासूबाईंना 'मला नको' एवढंच सांगायचं होतं. आठवडाभर ते दोन शब्द तिच्या ओठांपर्यंत येऊन परत जात होते. आज रविवार. आज सांगितलं नाही तर उद्या सही. आणि आज तर सासूबाई बेशुद्धच पडायला निघाल्या होत्या.

"नियम ऐका," सासूबाई आडव्या होत म्हणाल्या. "पाचपर्यंत मला काही विचारायचं नाही. काही म्हणजे काही."

"आई, त्याआधी मला तुमच्याशी जरा..."

"आग लागली तरी नाही."

"आणि खरंच लागली तर?"

"तर विश्वस्त म्हणून मला उचलून खाली न्यायचं. त्याला सही लागत नाही."

"आज्जी, मी पण बेशुद्ध पडू?" भिंगरीने आशेने विचारलं.

"तू घड्याळ सांभाळायचं. छोटा काटा पाचावर, मोठा बारावर आला की मला उठवायचं. दाखल्याला डॉक्टर येतील. चला, लागा कामाला."

सासूबाईंनी कुशीवर होत भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. सून काही वेळ तशीच उभी राहिली. बोलायला जावं तर समोरचा माणूस नियमानुसार शुद्धीत नाही, अशी अडचण तिला आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

डॉक्टर आले ते भिंगरीचं जेवण उरकल्यावर. सासूबाईंच्या हाताखाली अर्धी हयात घालवलेले निवृत्त सर्जन. कागदोपत्री सासूबाई त्यांच्या हाताखाली होत्या, पण थिएटरमध्ये कुणाचा तसा गैरसमज नव्हता. आज्ञेप्रमाणे ते टाय लावून आले होते. एका हातात स्टेथोस्कोप, दुसऱ्या हातात शब्दकोड्याचा कागद.

त्यांनी वाकून नाडी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग सासूबाईंच्या चेहऱ्याकडे त्याहून जास्त वेळ पाहिलं.

"नाडी माझ्यापेक्षा चांगली आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

"दाखला द्यायचाय ना डॉक्टर? बेशुद्ध असल्याचा?"

"बाई गं, खोटा दाखला मी कधी दिला नाही. दिला असता तर हिनेच मला हाकललं असतं." त्यांनी खुर्ची कॉटजवळ ओढून घेतली, पण अशी की पाय घासला जाऊ नये. "एवढंच सांगतो, हिला आत्ता काही विचारून उपयोग नाही. विचारू नकोस."

"हाच दाखला समजू?"

"समज," म्हणून डॉक्टरांनी पेन काढलं आणि आडव्या शब्दांना हात घातला.

सून ओट्याकडे वळली, गार झालेल्या चहाकडे तिने एक दुःखी कटाक्ष टाकला, आणि तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. खालचा लाँड्रीवाला दारात उभा होता. त्याचा एक खांदा भिजलेला होता.

"वहिनी! दुकानात छतातून धार लागलीय! बँडवाल्यांचे सगळे कोट टांगलेत खाली, आज संध्याकाळी कार्यक्रम आहे त्यांचा. आणि पाणी उतरतंय कुठे, तर विजेच्या बोर्डाशेजारी! मेन बंद करून आलोय. सिस्टर कुठायत?"

"त्या... आज नाहीत."

लाँड्रीवाल्याने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. "समोर तर झोपल्यात."

"बेशुद्ध आहेत. पाचपर्यंत."

लाँड्रीवाल्याने कॉटकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं.

"वेळ ठरवून?" त्याने विचारलं. आणि मग स्वतःच मान डोलावली. "सिस्टरांचं सगळंच शिस्तीत असतं."

आधी पाणी बंद करायला हवं होतं. मुख्य कॉक गच्चीवर, गच्चीला कुलूप, किल्ल्या सासूबाईंच्या उशाखाली. भिंगरीचा हात सगळ्यात बारीक, तेव्हा तो कामाला आला. झोपलेल्या मांजराखालून लोकर ओढावी तसा तिने जुडगा बाहेर काढला. जुडगा कसला, लोढणंच ते! प्रत्येक किल्लीला चिकटपट्टीचा तुकडा आणि प्रत्येक तुकड्यावर सुबक अक्षरात नंबर.

"वा!" लाँड्रीवाला म्हणाला. "गच्चीचा नंबर कुठला?"

"ते आईंच्या कपाटात लिहिलेलं आहे."

"मग कपाट उघडा."

"कपाटाची किल्ली याच जुडग्यात आहे."

"तिचा नंबर?"

सुनेने जुडगा नुसताच खुळखुळवला. घर ट्रस्टमध्ये जाणार होतं, भाडं जाणार होतं, खातं जाणार होतं. कुठली किल्ली कुठे लागते हे मात्र सासूबाईंच्या डोक्यातच राहिलं होतं, आणि ते डोकं आत्ता उशीवर होतं. जिन्याच्या वरच्या टोकाला उभं राहून दोघांनी एकेक किल्ली लावून पाहिली. लागली ती अर्थातच दुसऱ्या फेरीत, कारण पहिल्या फेरीत नेमकी खरी किल्ली सुनेने घाईत उलटी घातली होती.

पाणी बंद झालं. पाठोपाठ लाँड्रीवाल्याने बोलावलेला प्लंबर आला. त्याने न्हाणीघराच्या भिंतीवर हातोडीच्या दांड्याने टकटक केलं, कान लावला, मान हलवली.

"आतला सांधा गेलाय. फोडावं लागेल. मालक कोण?"

"घर ट्रस्टचं आहे," सून म्हणाली. "म्हणजे उद्या होणार आहे."

"मग ट्रस्टला बोलवा."

"ट्रस्ट म्हणजे माणूस नाही हो."

"मग फोन लावा."

"ट्रस्टला फोन नसतो."

"मग चालतो कसा?"

"विश्वस्त चालवतात."

"त्यांना बोलवा."

"त्या बेशुद्ध आहेत."

"अरे देवा. आणि त्यांच्यानंतर?"

"मी."

"मग मघापासून मी कुणाशी बोलतोय?" प्लंबर म्हणाला.

भिंत साधी असती तर गोष्ट वेगळी होती. पण त्या हिरव्या टाईल्स सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेल्या होत्या. एकही सरळ नव्हती. पाहुणे आले की त्यांना आंघोळ करताना आपणच कलंडतोय असं वाटे. तरी सासूबाईंनी त्या भिंतीला कधी खिळासुद्धा ठोकू दिला नव्हता. टॉवेल अडकवायचा तो दाराला.

सुनेने नवऱ्याला फोन लावला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की त्याचा फोन कधीच लागत नसे. तिने दिराला लावला.

"वहिनी, घाई करू नका," दीर म्हणाला. "आधी तीन ठिकाणांहून अंदाज घ्या. मी पण इकडे दोघांना विचारतो."

तिने वकीलबाईंना लावला.

"सह्या उद्या आहेत," वकीलबाई म्हणाल्या. "आज मालक त्याच. त्यांना विचारा."

"त्यांची तालीम चाललीय. बेशुद्ध आहेत."

"मग उठवा."

"उठवलं तर तालीम नापास होईल ना."

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. मग वकीलबाई म्हणाल्या, "हे माझ्या फीमध्ये बसत नाही हो."

सून बाहेरच्या खोलीत आली. खोलीत मंद, तृप्त घोरणं चाललं होतं. तिने डॉक्टरांकडे रागाने पाहिलं. कागद त्यांच्या चेहऱ्यासमोर उभा होता. कमाल आहे या माणसाची, घर वाहून चाललंय आणि हा बसल्या जागी घोरतोय! ती कॉटपाशी वाकली.

"आई," ती कुजबुजली, "बोलू नका. नुसती मान हलवा. फोडू का?"

सासूबाईंची पापणीसुद्धा लवली नाही. त्या परिस्थितीतही सुनेला त्यांचं कौतुक वाटल्यावाचून राहिलं नाही. खाली आरडाओरडा, वर हातोडी घेतलेला माणूस, आपल्या नवऱ्याच्या हातची भिंत पणाला लागलेली, आणि ही बाई नियम म्हणजे नियम म्हणून दगडासारखी पडून आहे!

"वहिनी!" खालून हाक आली. "नळात राहिलेलं पाणी अजून ठिबकतंय! वीज नाही म्हणजे इस्त्री नाही! बँडवाले येतील हो आता!"

"फोडा," सून म्हणाली.

तो आवाज इतका परका होता की आपल्या मागून कोण बोललं ते बघायला ती वळली. मागे कुणी नव्हतं. तेव्हा मग तिने पुढचंही बोलून टाकलं. "पण टाईल्स अखंड काढायच्या. एकसुद्धा फुटता कामा नये."

"बाई, वेळ जाईल."

"जाऊ दे. एकेक काढा आणि माझ्या हातात द्या."

पहिला घाव पडला. बाहेरच्या खोलीतून गर्जना येईल म्हणून सुनेने डोळे गच्च मिटून घेतले. गर्जना आली नाही. दुसरा घाव पडला. घोरण्याचा फक्त सूर बदलला. मग टाईल मागून टाईल बाहेर येऊ लागली. तिने बोळात चादर अंथरली, भिंतीवर होत्या तशाच ओळीने त्या मांडल्या, आणि सासूबाईंच्या डब्यातली चिकटपट्टी घेऊन प्रत्येकीला नंबर दिला. भिंगरी मोजत होती. दर वेळी एकोणीसला पोचली की ती घड्याळ बघायला धावायची आणि परत येऊन एकपासून सुरू करायची.

"अहो बाई," एकदम प्लंबर म्हणाला, "इकडे या. हे काय आहे?"

सून आत डोकावली. कोपऱ्यातल्या टाईल्सच्या मागे भिंत पोकळ होती. आत जुना पाईप होता, आणि पाईपच्या सांध्याला प्लॅस्टर घातलेलं होतं. भिंतीचं प्लॅस्टर नव्हे, हॉस्पिटलचं. मोडलेल्या हाताला घालतात ते. पट्टीचा प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर बरोबर अर्धा चढलेला, टोक आत दुमडलेलं, आणि वर पेन्सिलने तारीख घातलेली. एका बाजूने ओल येऊन ते आता मऊ पडलं होतं, पण सुटलं नव्हतं.

"कुणी बांधलंय हे?" प्लंबरने टोपी मागे सरकवली. "पाण्याच्या दाबाखाली इतकी वर्षं? बाई, या धंद्यात माझे केस पिकले, असा हात मी पाहिला नाही. आणि या कोपऱ्यातल्या टाईल्स बघा. बाकीच्या वाकड्या आहेत, या जास्तच वाकड्या. या नंतर कुणीतरी दुसऱ्याने बसवल्यात."

डॉक्टर उठून आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून पाहिलं.

"हिचा हात," ते म्हणाले. "कुठेही ओळखेन."

सुनेने तारीख पुन्हा वाचली. ती छप्पर गळत होतं त्या दिवसांतली होती. घराला मालक नव्हता, भिंत फोडायला हो म्हणायचा हक्क कुणालाच नव्हता, चुलत भाऊ बारीकसारीक गोष्टीवरून हरकत घ्यायला टपलेला होता. त्या दिवसांत कधीतरी, मुलं शाळेत गेल्यावर, ही बाई एकटी या न्हाणीघरात गुडघ्यांवर बसली असेल. नवऱ्याने बसवलेल्या टाईल्स तिने नखांनी कोरून काढल्या असतील. पाईप बरा करता येत नव्हता, माणसं बरी करता येत होती, म्हणून तिने पाईपला माणसासारखं बांधलं. टाईल्स जशा जमतील तशा परत चिकटवल्या. आणि कुणाला काही सांगितलं नाही, कारण सांगायचं तर कुणाची तरी परवानगी लागली असती. भिंतीला कुणाला हात का लावू देत नव्हत्या, तेही आता कळलं.

"कापू?" प्लंबरने विचारलं. त्याचाही आवाज उतरला होता.

"कापा," सून म्हणाली. "पण टाकू नका. ते मला द्या. आणि सांधा चांगल्यातला घाला. पुन्हा कुणाला बांधत बसायला लागू नये."

सांधा बसला. गच्चीवरचा कॉक उघडला. थेंब नाही. खाली वीज आली, इस्त्री तापली, आणि थोड्याच वेळात लाल कोट घातलेली माणसं आपापली बटणं तपासत रस्त्याने निघून गेली. सुनेच्या केसांत चुना होता, गुडघे भिजलेले होते, आणि तिला विलक्षण भूक लागली होती.

"बारावर! मोठा काटा बारावर!" भिंगरी किंचाळली आणि तिने कॉटवर उडीच घेतली. "आज्जी, शुद्धीवर ये!"

आज्जी शुद्धीवर येईनात. भिंगरीने खांदा हलवला. मग दोन्ही खांदे हलवले.

"अं? कुठला पेशंट?" सासूबाई खाडकन उठून बसल्या. अभ्र्याची शिवण त्यांच्या गालावर उमटली होती, चापूनचोपून बांधलेले केस एका बाजूने उभे होते. "ही केस कोण घेतंय? किती वाजले?"

"पाच," सून म्हणाली. "आई, मानलं तुम्हाला. एवढा हातोडा चालला, पण तुम्ही हूं की चूं केलं नाहीत."

"कसला हातोडा?"

सासूबाईंनी केस सावरले, गाऊन सारखा केला, आणि आवाजात जुना करारीपणा आणायचा प्रयत्न केला. "मी डोळे मिटून लक्ष ठेवून होते सगळ्यावर."

"सिस्टर," डॉक्टर शब्दकोड्यातून डोकं वर न काढता म्हणाले, "तुम्ही घोरत होता."

"मला वाटलं तुम्ही घोरताय!" सून डॉक्टरांना म्हणाली.

"मी? मी इथे दोन उभे शब्द घेऊन झगडतोय दुपारपासून. मी आलो तेव्हाच ही गाढ झोपलेली होती. म्हणून तर म्हटलं, विचारून उपयोग नाही."

सासूबाई लाल झाल्या. एका चमच्याच्या आवाजाने जागी होणारी बाई, अशी त्यांची ख्याती. दुपारची झोप त्या आजारी माणसांची समजत.

"तशी ती थिएटरमध्येही झोपायची," डॉक्टरांनी सुनेला सांगितलं. "लांबलेल्या ऑपरेशनमध्ये. कोपऱ्यातल्या स्टुलावर, भिंतीला टेकून, पाच मिनिटं. पण टेबलाशी कोण उभं आहे ते आधी बघायची. सगळ्या नोकरीत तशी एकच सिस्टर मिळाली हिला. दुसरी कुणी असली की डोळ्याला डोळा नाही."

"तुम्ही तुमचं कोडं सोडवा," सासूबाई म्हणाल्या आणि उठून बोळात गेल्या.

चादरीवर टाईल्स ओळीने मांडलेल्या होत्या. त्यांनी वाकून चिकटपट्टीवरचे नंबर पाहिले. मग न्हाणीघरातलं भगदाड पाहिलं, आतला चकचकीत नवा सांधा पाहिला. सुनेने दोन हातांत धरलेलं जुनं प्लॅस्टर पाहिलं. 

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्हीच सांगितलं होतं. आग लागली तरी विचारायचं नाही."

"आग म्हटलं होतं मी. पाणी नव्हतं म्हटलं."

"आई, मी..."

"मी आठ दिवस विचार केला असता," सासूबाई भगदाडाकडे बघत म्हणाल्या. "या टाईल्सना हात लावायचा म्हटलं तर. तेव्हाही केला होता. आणि मग निम्मंच काम केलं." त्यांनी सुनेच्या केसांतला चुना बोटाने झटकला. एक टाईल उचलली, उलटसुलट करून पाहिली. "एक तरी फुटली?"

"नाही."

"मोजल्यास?"

"भिंगरीने मोजल्या. एकोणीसपर्यंत."

सासूबाईंना हसू आलं. खळखळून नाही, पण त्या वयाच्या मुख्य सिस्टरला शोभेल एवढं. आणि सुनेच्या लक्षात आलं की हीच ती वेळ. आत्ता सांगायचं. सासूबाई शुद्धीत आहेत, मूड चांगला आहे, ओठांवर दोन शब्द आठवडाभर तयार आहेत. तिने तोंड उघडलं.

"उद्या वकीलबाईंकडे किती वाजता निघायचं?" ती म्हणाली.

"सकाळीच. आणि त्याआधी मला किल्ल्या एकेक करून दाखवायच्यात तुला. अंगावरचे कपडे बदल आधी, पावडर फासल्यासारखी दिसत्येस. चहा मी टाकते. गरम आहे तोवर पी."

सगळे स्वयंपाकघरात आले. डॉक्टरांना शेवटचा शब्द सापडला. चहाला आधण आलं. भिंगरी मात्र मघापासून गप्प होती. टेबलावर हनुवटी टेकून ती काहीतरी जुळवत होती, आणि तिची जीभ पुन्हा ओठांच्या कोपऱ्यात आली होती.

"आज्जी," ती म्हणाली, "आज नुसती तालीम होती ना?"

"हो."

"मग खरं कधी आहे?"

सासूबाईंचा हात साखरेच्या डब्यावर थांबला. मग त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, आणि चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा न हलवता म्हणाल्या, "मला नको विचारूस. आजपासून असले प्रश्न तुझ्या आईला विचारायचे."

भिंगरी वळली. सुनेच्या हातात कप होता, वाफ तिच्या डोळ्यांपर्यंत येत होती.

"आई, सांग ना. खरं कधी आहे?"